खुबा निखळतो तेव्हा

खुब्याचा सांधा बदलून घरी निघालेल्या माणसाला फिजिओथेरपिस्ट सूचनांची जी यादी देतात, तिच्यात चपलेविषयी एक ओळ असते. पट्टा लावायला वाकायचे झाले तर हात दोन्ही गुडघ्यांच्या मधून खाली न्या, पायाच्या बाहेरून नेऊ नका. एवढी मोठी शस्त्रक्रिया झाली आणि चपलेच्या पट्ट्याचे काय घेऊन बसलात, असे वाटून बहुतेक जण ती ओळ ऐकतात आणि विसरतात. माझ्या मते साऱ्या यादीत तीच सर्वांत मोलाची आहे. तिच्यामागचे कारण एकदा कळले की उरलेली यादी पाठ करावी लागत नाही.

असे समजा, शस्त्रक्रियेला पाच आठवडे झालेत. जखम भरली आहे, जुने दुखणे गेले आहे, वॉकर कोपऱ्यात गेला आणि हातात काठी आली. बाई बुटक्या, मऊ सोफ्यावर बसल्या आहेत. सोफा खचल्यामुळे गुडघे खुब्यापेक्षा वर आलेत. सँडलचा पट्टा पावलाच्या बाहेरच्या बाजूला आहे, म्हणून त्या टाच बाहेर फिरवतात. टाच बाहेर गेली की गुडघा आपोआप आत वळतो. मग त्या पुढे झुकतात. खुब्यात काहीतरी घसरल्याची जाणीव होते, खट् असा आवाज येतो आणि तोंडून किंकाळी फुटते. घरातले धावत येतात तेव्हा तो पाय दुसऱ्या पायापेक्षा आखूड दिसतो, गुडघा आतल्या बाजूला वळलेला असतो आणि पाय हलवू म्हटले तरी हलत नाही.

वाटीतला गोळा मागच्या बाजूने बाहेर पडलेला असतो. खुबा दुमडलेला, गुडघा शरीराच्या मध्यरेषेकडे आलेला आणि मांडी आत फिरलेली, या तीन गोष्टी एका क्षणी एकत्र आल्या. त्यांतली एकच असती तर बहुधा काही झाले नसते, दोन असत्या तरी कदाचित निभावले असते. हात गुडघ्यांच्या मधून खाली नेला की गुडघा बाहेर राहतो आणि या तिघांची गाठ पडत नाही. चपलेच्या त्या ओळीत एवढा अर्थ भरलेला आहे.

भीती वाटावी असे हे चित्र आहे, म्हणून प्रमाण आधीच सांगतो. पहिल्यांदाच बदललेला खुबा निखळण्याचे प्रमाण आज साधारण शंभरात एक ते तीन एवढे धरले जाते. मांडीचे हाड खुब्यापाशी मोडल्यामुळे सांधा बदलला असेल तर ते वाढते, आणि बदललेला सांधाच पुन्हा बदलावा लागला असेल तर आणखी बरेच वाढते. निखळण्याच्या अर्ध्याहून अधिक घटना पहिल्या तीन महिन्यांत घडतात. म्हणजे नव्व्याण्णव नाही तरी सत्त्याण्णव जणांना हा प्रसंग कधी येत नाही. पण ज्यांना येतो त्यांचा आपल्या नव्या सांध्यावरचा विश्वास उडतो. नंतर कितीतरी महिने ती माणसे खुर्चीत बसतानाही श्वास रोखून बसतात. म्हणून या विषयाला एक सबंध प्रकरण द्यायचे ठरवले.

निसर्गाने दिलेला खुबा सहसा निखळत नाही. तो निखळायला भरधाव गाडीचा अपघात किंवा उंचावरून पडणे असे काहीतरी लागते. १८३६ साली विल्हेल्म आणि एडुआर्ड वेबर या जर्मन भावांनी माणसाच्या चालण्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी शवावर एक प्रयोग केला होता. खुब्याभोवतीचे सगळे स्नायू कापले, मग सांध्याभोवतीचे आवरणही कापले. आता पाय गळून पडायला हवा होता. तो पडला नाही, वाटीत तसाच लोंबत राहिला. मग त्यांनी ओटीपोटाच्या बाजूने वाटीच्या तळाला भोक पाडले. आत हवा शिरली आणि पाय सुटला. बाहेरच्या हवेच्या दाबाने गोळा वाटीला धरून ठेवला होता, ओल्या ताटलीखाली वाटी चिकटून बसावी तसा.

हा चिकटपणा टिकतो तो वाटीच्या काठाभोवतीच्या कूर्चेच्या गोफामुळे. रबरी वायसरसारखा हा गोफ गोळ्याला घट्ट वेढून असतो. त्याच्यावर बंधांचे जाड आवरण असते. त्यातला पुढचा बंध तर शरीरातल्या सर्वांत बळकट बंधांपैकी एक. त्याच्या बाहेर स्नायूंचे थर. आणि गोळा स्वतः चांगला मोठा, साधारण ४० ते ५५ मिलिमीटर व्यासाचा.

शस्त्रक्रियेत यातले काय उरते पाहा. सांध्यापर्यंत पोहोचायला आवरण उघडावे लागते. गोळा मानेसकट कापून काढतात. वाटी खरवडून तिच्यात नवी वाटी बसवायची असल्याने काठाचा गोफही जातो. वेबर बंधूंनी दाखवलेली हवेची पकड संपते. नवा गोळा आपल्या मूळच्या गोळ्यापेक्षा लहान असतो. त्या दिवशी सांधा जागेवर राहतो तो तीन गोष्टींवर: वाटी आणि गोळ्याचा आकार, त्यांची दिशा आणि स्नायूंचा ताण. पुढच्या आठवड्यांत सांध्याभोवती नव्या ऊतीचे आवरण तयार होते, जाड होते आणि पकड धरू लागते. पहिले तीन महिने नाजूक का, याचे उत्तर इथे आहे. जखमेचे टाके निघाले म्हणजे आतले काम संपले असे नसते.

आता आकाराची गोष्ट. एका लहान वाटीत तिच्या मापाचा लहान लाडू आहे आणि मोठ्या वाटीत तिच्या मापाचा मोठा लाडू. दोन्ही लाडू वाटीत अर्धे बुडालेले आहेत. लाडू बाजूला सरकवून काठावरून बाहेर काढायचा तर तो किती वर उचलावा लागेल? साधारण त्याच्या निम्म्या जाडीएवढा. लहान लाडू थोडक्यात बाहेर पडेल, मोठ्याला बरेच उचलावे लागेल. नव्या खुब्यातही हेच. २२ मिलिमीटरचा गोळा ११ मिलिमीटरच्या आसपास सरकला की काठावर येतो, ३६ मिलिमीटरच्या गोळ्याला १८ मिलिमीटरच्या आसपास सरकावे लागते. वाटी जास्त कलती बसली असेल तर हे अंतर आणखी घटते.

पण गोळा मुळात सरकतो कशाने? तो बहुतेक वेळा उचकटला जातो. स्वयंपाकघरातली पळी घ्या. पातेल्यात ठेवलेल्या पळीचा दांडा कडेवर टेकवून खाली दाबला की पळीचे डोके वर उचलले जाते. गोळ्याखालची धातूची मान हा तो दांडा. मांडी एका मर्यादेपलीकडे दुमडली आणि आत फिरली की मान वाटीच्या पुढच्या काठावर टेकते. आणखी फिरवले की काठ टेकू होतो आणि गोळा मागच्या बाजूने उचकटतो. मानेच्या मानाने गोळा मोठा असेल तर मान काठाला उशिरा लागते, म्हणजे मोठ्या गोळ्याचा फायदा दुहेरी. कधीकधी अडथळा धातूचा नसतो. काढायचे राहिलेले हाडाचे टोक किंवा जाड मांडी आणि पोट एकमेकांना टेकले तरी तोच परिणाम होतो.

मग पहिल्यापासूनच मोठा गोळा का वापरला नाही? याचे उत्तर इंग्लंडमधल्या लँकशायर परगण्यात सापडते. आजच्या खुब्याचा जनक जॉन चार्नली तिथल्या रायटिंग्टन रुग्णालयात काम करत होता. १९५०च्या दशकाअखेरीस त्याने टेफ्लॉनच्या वाट्या बसवायला सुरुवात केली. सुरुवातीला रुग्ण आनंदाने चालू लागले. दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजला, त्याच्या कणांनी आत गाठी केल्या आणि ते सांधे चार्नलीलाच पुन्हा उघडावे लागले. हे कण शरीरात काय करतात ते पाहायला त्याने तो पदार्थ स्वतःच्या मांडीत टोचून घेतला होता.

१९६२च्या मे महिन्यात एक विक्रेता रुग्णालयात आला. त्याच्याकडे कापडाच्या मागांच्या दंतचाकांसाठी वापरले जाणारे नवे प्लॅस्टिक होते, अतिशय जड रेणूंचे पॉलिएथिलीन. लँकशायर म्हणजे कापडगिरण्यांचा मुलूख, तिथे असे काही मिळणे नवल नव्हते. चार्नलीने त्या तुकड्याला नख लावून पाहिले आणि तो बाजूला सारला. त्याच्या प्रयोगशाळेतल्या हॅरी क्रेव्हन या तंत्रज्ञाने मात्र चार्नली परगावी गेला असताना तो तुकडा झीज मोजायच्या यंत्रावर लावला. यंत्र दिवसेंदिवस चालत राहिले आणि झीज जवळजवळ दिसेना. नोव्हेंबर १९६२मध्ये त्या प्लॅस्टिकची पहिली वाटी रुग्णाला बसली. जगभर बसणारे बहुतेक खुबे त्या वाटीच्या वंशातले आहेत. मागाच्या चाकातून आलेला हा पदार्थ आहे हे गिरणगाव पाहिलेल्या वाचकाला तरी सांगायलाच हवे.

चार्नलीने गोळा मुद्दाम लहान ठेवला, ७/८ इंचाचा, म्हणजे २२.२२५ मिलिमीटर. गोळा लहान असला की घर्षणाचा पीळ कमी पडतो, वाटी हाडातून सैल होत नाही आणि प्लॅस्टिक जाड ठेवायला जागा मिळते. निखळण्याचा धोका त्याला ठाऊक होता. त्यावर उपाय म्हणून तो मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा स्नायूंसकट कापून बाजूला घ्यायचा आणि काम झाल्यावर तो खाली ओढून तारेने बांधायचा, म्हणजे स्नायू ताणलेले राहून गोळा वाटीत दाबून धरत. झीज आणि निखळणे या दोन संकटांपैकी त्याने झीज टाळणे निवडले. त्या काळच्या प्लॅस्टिकचा विचार करता तो निर्णय बरोबर होता असे मला वाटते.

त्याची किंमत किती पडली हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या नोंदींतून दिसते. तिथे चार्नली पद्धतीने बदललेल्या ६,६२३ खुब्यांचा माग ठेवण्यात आला. पहिल्या महिन्यात शंभरात एक निखळला, वर्षअखेर हा आकडा दोनच्या जवळ गेला. नंतर तो थांबला नाही. दर पाच वर्षांनी शंभरात साधारण आणखी एक अशा गतीने वाढत पंचवीस वर्षांनी तो सातवर पोहोचला. आवरण सैल होते, स्नायू वयाने ढिले पडतात, प्लॅस्टिक झिजून गोळा वाटीत खोल आणि ढिला बसतो. तीन महिने काढले म्हणजे जन्माची चिंता मिटली असे समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

१९९०च्या दशकाअखेरीस किरणांचा मारा करून रेणू एकमेकांत जास्त घट्ट गुंतवलेले पॉलिएथिलीन आले. ते फार कमी झिजते, म्हणून पातळ वाटी आणि मोठा गोळा शक्य झाला. आज ३२ आणि ३६ मिलिमीटरचे गोळे सर्रास बसतात. मधल्या काळात काही उत्पादकांनी प्लॅस्टिक वगळून धातूच्या वाटीत धातूचा खूप मोठा गोळा ठेवायचा मार्ग धरला होता. तो निखळत कमी होता, पण धातूचे कण रक्तात आणि आसपासच्या ऊतींत जात होते. २०१० साली अशा प्रकारचा एक सांधा जगभरातून परत मागवावा लागला. भारतातही तो हजारो रुग्णांना बसवला गेला होता आणि महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही त्या प्रकरणात लक्ष घातले. एकाच धोक्याकडे पाहत धावले की दुसऱ्यावर जाऊन आदळतो, हे त्या हजारो माणसांनी स्वतःच्या शरीरावर भोगले.

आकारापेक्षाही अवघड प्रश्न दिशेचा आहे. वाटीचे तोंड किती खाली कलते ठेवायचे आणि किती पुढे वळवायचे? १९७८ साली लुइनेक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ३०० खुब्यांच्या एक्स-रेवरून एक सुरक्षित टापू आखला. कल ४० अंश आणि पुढे वळण १५ अंश, दोन्हींत दहा अंश इकडेतिकडे चालतील. टापूतल्या वाट्यांत निखळण्याचे प्रमाण १.५ टक्के निघाले, टापूबाहेर ६.१ टक्के. पुढची चाळीस वर्षे जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत हा टापू नियमासारखा पाळला गेला. त्या तीनशेंत प्रत्यक्ष निखळलेले खुबे होते फक्त नऊ! नऊ घटनांवर उभा राहिलेला हा नियम होता. २०१६ साली मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी ९,७८४ खुबे तपासले. त्यांतले २०६ निखळले होते आणि त्यांपैकी ५८ टक्क्यांची वाटी त्या सुरक्षित टापूतच होती.

म्हणजे टापू खोटा होता काय? तसे मी म्हणणार नाही. वाटी भलतीकडे बसली तर सांधा निखळण्याचा धोका वाढतोच. पण एक्स-रे काढताना माणूस उताणा झोपलेला असतो आणि सांधा निखळतो तेव्हा तो बसत, उठत किंवा वाकत असतो. शिवाय मांडीच्या हाडात ठोकलेली दांडीही पुढेमागे वळलेली असते. न्यू यॉर्कमध्ये काम केलेले भारतीय शल्यविशारद डॉ. चित्तरंजन राणावत यांनी वाटी आणि दांडी या दोघांच्या वळणाची बेरीज पाहायचा आग्रह धरला. त्यांची बेरीज तपासण्याची साधी चाचणी शस्त्रक्रियेच्या टेबलावरच करता येते. अटलबिहारी वाजपेयींचे गुडघे मुंबईत बदलणारे ते हेच राणावत.

आणि मग कंबर. गेल्या काही वर्षांत या विषयातले माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे ज्ञान कंबरेने दिले आहे. आपण उभे असतो तेव्हा कंबरेला बाक असतो. खुर्चीत बसलो की तो बाक सपाट होतो आणि ओटीपोटाचे हाड मागे झुकते, अनेकांत वीस अंश किंवा अधिक. ते मागे झुकले की वाटीचे तोंड पुढे उघडते. एक अंश झुकण्यामागे पाऊण अंशाच्या आसपास. वीस अंश झुकले तर वाटी पंधरा अंश उघडली, आणि वर येणाऱ्या मांडीला तेवढी मोकळी वाट मिळाली. बसताना आपली कंबर खुब्यासाठी दार उघडून देते.

ज्याची कंबर ताठ आहे त्याचे हे दार उघडत नाही. मणक्यांचे स्क्रू लावून एकत्रीकरण केलेले असेल किंवा वयाने मणके घासून कडक झाले असतील तर बसण्याचे सगळे काम एकट्या खुब्याला करावे लागते. मांडी जास्त दुमडते, मान लवकर काठाला लागते. अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस या आजारात तर विशी-तिशीतल्या तरुणांचे मणके एकमेकांना जुळून बांबूसारखे होतात, आणि खुबेही त्याच आजाराने आखडतात. अशा मुलाचा खुबा बदलताना त्याच्या वाटीचे गणित वेगळे करावे लागते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांना हे जरूर सांगा, की माझ्या मणक्याचे ऑपरेशन झाले आहे, माझी कंबर वाकत नाही. बाजूने काढलेले दोन एक्स-रे, एक उभे राहून आणि एक बसून, हा फरक दाखवतात. रुग्णाने ते मागितले तर त्यात काही गैर नाही.

सांध्यात कोणत्या बाजूने शिरायचे यावर डॉक्टरांत पुष्कळ वाद झडतात. मागून शिरले तर मांडी बाहेर फिरवणारे छोटे स्नायू आणि मागचे आवरण कापले जाते, म्हणून निखळणे जास्त, असे पूर्वापार सांगितले जाई. ते खरेही होते. १९९८ साली अमेरिकेतल्या शल्यविशारदांनी कापलेले आवरण आणि स्नायू हाडाला पुन्हा नीट शिवायची पद्धत प्रसिद्ध केली आणि त्यांचे स्वतःचेच प्रमाण एका फटक्यात कोसळले. समोरून शिरणाऱ्या पद्धतीत मागचे आवरण अभंग राहते, पण तिचे वेगळे धोके आहेत. तिथे काळजी उलट दिशेची घ्यावी लागते: पाय मागे ताणून पाऊल बाहेर फिरवणे टाळायचे. मला वाटते, डॉक्टरांचा हात ज्या वाटेला सरावलेला आहे ती वाट चांगली. मात्र आपल्याला कोणत्या बाजूने छेद घेतला हे प्रत्येक रुग्णाला माहीत हवे, कारण पथ्य त्यावर ठरते.

आता आपल्या घरात या. पाश्चात्त्य पुस्तकांतली पथ्ये खुर्ची, पलंग आणि मोटारीसाठी लिहिलेली आहेत. आपले जगणे जमिनीशी आहे. देवघरापुढचा पाट, पंगत, भाजी निवडायला बसणे, विळी, भारतीय बैठकीचा संडास. शिवाय आपल्याकडे खुबा बदलणारा माणूस पुष्कळदा चाळिशीच्या आतला असतो. दारू किंवा स्टेरॉइडमुळे गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून गोळा मरतो, हे आपल्याकडचे एक मोठे कारण. कोविडमध्ये स्टेरॉइड घेतलेल्या काहींनाही हा त्रास झाला. या तरुण माणसांना पुढची तीस-चाळीस वर्षे काढायची असतात आणि 'आता खाली बसू नका' एवढ्यावर त्यांचे आयुष्य भागत नाही.

खाली बसण्याचे सगळे प्रकार सारखे नसतात. मागून छेद घेतलेल्या माणसासाठी पायावर पाय टाकून बसणे आणि मांडी घालून बसणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पायावर पाय टाकला की गुडघा मध्यरेषा ओलांडतो, चपलेच्या प्रसंगातले संकट जवळ येते. मांडी घातली की गुडघे बाहेर पडतात आणि मांडी बाहेर फिरते, म्हणजे गोळा वाटीत आत जातो. मांडीतला धोका बसून राहण्यात कमी आणि जमिनीवरून उठण्यात जास्त असतो, कारण उठताना माणूस पुढे झुकतो, एका गुडघ्यावर भार घेतो आणि तो गुडघा आत कोसळतो. आपल्या आज्यांची आणखी एक बैठक आहे, दोन्ही पाय एकाच बाजूला मुडपून बसण्याची. नऊवारीत, पूजेला, सासरच्यांपुढे बायका अशाच बसत आल्या आहेत. त्या बैठकीत एक खुबा बाहेर फिरतो आणि दुसरा आत. आत फिरणारा खुबा जर बदललेला असेल तर ही बैठक कायमची सोडावी. उकिडवे बसायचे तर गुडघे जुळवून बसणे वाईट, आणि पहिल्या तीन महिन्यांत तर तो विचारच नको. औषधांच्या दुकानात भोकाची खुर्ची मिळते, ती भारतीय संडासावर ठेवली की काम भागते. तीन महिन्यांनंतर मांडी घालायला डॉक्टर पुष्कळांना परवानगी देतात, पण ती ज्याने तुमचा सांधा टेबलावर हलवून पाहिला आहे त्याच्याकडूनच घ्या. शेजाऱ्यांचा खुबा बदलल्यावर ते मांडी घालतात म्हणून तुम्हीही घालू नका. त्यांचा गोळा कदाचित ३६चा असेल, तुमचा २८चा.

पथ्याचा अतिरेकही नको. २००५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढून-बाजूने छेद घेतलेल्या ३०३ खुब्यांचे दोन गट केले. नव्वद अंशांपलीकडे वाकू नका आणि पाय फार फिरवू नका, हे दोन्ही गटांना सांगितले. एका गटाला त्याशिवाय पायांत उशी, उंच आसने, कुशीवर झोपायला बंदी अशी सगळी बंधने होती. सहा महिन्यांत तीनशे तीनांपैकी एकच खुबा निखळला, आणि तो रुग्णाला टेबलावरून पलंगावर घेताना, पायांत उशी असतानाच. जास्त बंधनांच्या गटाला पुन्हा कामावर जायला मात्र उशीर झाला. मागून छेद घेतलेल्यांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू होत नाही. तरी तीन हालचालींची गाठ पडू द्यायची नाही, हे कळलेल्या माणसाला भीतीने गोठून बसण्याची गरज नाही, एवढे त्यातून नक्की घ्यावे.

आणि तरीही निखळला तर? रुग्णाला आहे तसे आडवे राहू द्या, पायाखाली आणि बाजूला उशा लावून पाय आहे त्याच स्थितीत स्थिर ठेवा आणि रुग्णवाहिका बोलवा. पाय ओढू नका. हाडवैद्याला बोलवू नका. मूळच्या हाडावर त्याचा हात कितीही चालत असला तरी आत धातूची दांडी आहे आणि मागून मांडीची मोठी नस जाते, आंधळ्या ओढण्यात हाड मोडते किंवा नस दुखावते. चहा, पाणी, जेवण देऊ नका, कारण भूल द्यावी लागेल. पाऊल वर उचलता येते का आणि बोटांत संवेदना आहे का, एवढे पाहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. रुग्णालयात एक्स-रे होतो, भूल देऊन स्नायू सैल करतात, एक जण ओटीपोट दाबून धरतो आणि डॉक्टर गुडघा व खुबा काटकोनात दुमडून मांडी सरळ वर ओढतात. गोळा वाटीत शिरतो तो धक्का हाताला कळतो. बहुतेक खुबे छेद न घेता असे बसतात. जितक्या लवकर, तितके सोपे.

या प्रसंगी घरात हमखास एक वाक्य ऐकू येते: तूच वाकलीस ना? ते बोलू नका. वाटीची दिशा, गोळ्याचा आकार, स्नायूंचा ताण, कंबरेचा ताठपणा, यांतले काहीच रुग्णाने ठरवलेले नसते. पार्किन्सन असलेल्या किंवा विसर पडणाऱ्या माणसाला तर पथ्य आठवणेच कठीण असते. ज्या सांध्यात जागा पुरेशी आहे तो एका चुकीच्या वाकण्याने सुटत नाही.

एकदा निखळलेल्यांपैकी तिघांतल्या साधारण एकाचा सांधा पुन्हा निखळतो. वारंवार होऊ लागले की कारण शोधून पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. तिथे आज सर्वांत उपयोगी पडतो तो फ्रान्सच्या सेंत-एतिएन शहरात झिल बूस्के या शल्यविशारदाने १९७०च्या दशकात केलेला दुहेरी फिरणारा सांधा. त्यात लहान गोळा एका मोठ्या प्लॅस्टिकच्या गोळ्यात कुपीसारखा अडकवलेला असतो आणि तो मोठा गोळा धातूच्या वाटीत मोकळा फिरतो. रोजच्या चालण्यात आतला लहान गोळा फिरतो, चार्नलीला हवे होते तसे कमी घर्षण. हालचाल मोठी झाली की बाहेरचा गोळा फिरू लागतो आणि तो बाहेर पडायला खूप वर उचलावा लागतो. चार्नलीला जे दोन लाभ एकत्र मिळाले नाहीत ते इथे एका सांध्यात आले. तोही निर्दोष नाही. क्वचित आतला गोळा प्लॅस्टिकमधून सुटतो, आणि खर्चही जास्त आहे. कंबर ताठ असलेल्या किंवा स्नायू कमजोर असलेल्या रुग्णाला हा सांधा पहिल्याच वेळी बसवावा, असे मानणारे डॉक्टर वाढत आहेत आणि मला ते पटते.

शेवटी एक विनंती. सांधा बदलताना त्याच्या प्रत्येक भागाच्या खोक्यावरचे स्टिकर तुमच्या कागदांवर चिकटवतात. त्यावर कंपनी, गोळ्याचा व्यास आणि वाटीचे माप असते. पंधरा वर्षांनी एखाद्या परक्या गावात खुबा निखळला तर तिथल्या डॉक्टरांना हीच माहिती सर्वांत आधी लागते. पुढे वाटी न काढता नुसता गोळा किंवा वाटीतले अस्तर बदलता येईल का, हेही तिच्यावरच ठरते. घरी निघण्यापूर्वी ते स्टिकर आणि छेद कोणत्या बाजूने घेतला याची एक ओळ मागून घ्या. त्यांचा फोटो स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्येही.